ह्यांच्या लुंग्या

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज ह्यांचं कपाट उघडलं. हे गेल्यापासून हिंमतच होत नव्हती. शर्ट-पँटी जावई वाटून येणार आहे. पण लुंग्यांचं काय करायचं? इथे आखातात आल्यापासून हे मवालेहच्या भाजीबाजारातलं काम संपवून घरी आले की आधी लुंगी, मग चहा. धुवून धुवून इतक्या विटल्यात, कुणाला द्यायचीही लाज वाटावी.

संध्याकाळी लेक सना आली. तिच्या क्लिनिकमधल्या डॉक्टर शरीफा, इथल्याच अरब, जानेवारीत टीम घेऊन पेंबाला चालल्या आहेत. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचं बेट. त्या जाणार तिथल्या खेड्यांतून दवाखाना लांब, पैसा नाही. तपासायला येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईला बाळाचा गठ्ठा देणार – साबण, टोपी, दोन दुपटी.

दुपटी! ती अजून बोलतच होती, मी कात्री काढली. नवरा गेल्यावर इद्दतीचे चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, पण शिवायला कुठे मनाई आहे?

१४ नोव्हेंबर

शेजारची मंगला तिच्या जुन्या सुती साड्या घेऊन आली. ती देवगडची, मी दापोलीची. धर्म वेगळा, पण रीत एकच – बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनं लागायचं. नवं टोचतं. दिवसभर मशीन चाललं. घरात आवाज आला एकदाचा!

सना दुपट्यांना हात लावत नाही. चहा करते म्हणून उठून जाते. लग्नाला सहा वर्षं झाली. मी काही विचारत नाही.

२३ नोव्हेंबर

दुपटी परत आली.

डॉक्टर रागावल्या नाहीत म्हणे, उलट फार गोड बोलल्या. पण त्यांचा नियम आहे – वापरलेलं काही न्यायचं नाही. गरिबांना सगळे आपलं जुनंच देतात, आम्ही तसं करत नाही. सना बिचारी चार लोकांत लाजली. मला म्हणाली, "अम्मी, मी नवीन पॅकेट ऑर्डर करते ना. तू फील नको करू."

डॉक्टरांचं चुकलं असं नाही म्हणता येत. तरी गठ्ठा दाराआड ठेवला आणि रडू आलं.

२४ नोव्हेंबर

मंगला भडकली आहे. "पॅकेटमधलं खळ लावलेलं कापड आधी स्वतः गुंडाळून बघा म्हणावं."

मशीन झाकून ठेवलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज काय झालं ते नीट लिहून ठेवते.

डॉक्टर शरीफा मला भेटायला आल्या. ह्यांच्यासाठी दुआ केली. सोबत त्यांची आजी होती. तिला त्या बीबी म्हणतात. बीबी मूळची पेंबाचीच, सगळं स्वाहिलीत बोलते, डॉक्टर आम्हाला हिंदीत सांगतात. म्हातारीला दाराआडचा गठ्ठा दिसला. न विचारता उचलला, ह्यांच्या निळ्या चौकटीचं एक दुपटं काढलं आणि गालाला घासलं. मग नातीकडे वळून काहीतरी बोलली, चांगलंच ठणकावून. डॉक्टरांचा चेहरा पडला, मग त्या हसायलाच लागल्या.

मी विचारलं, काय म्हणाल्या?

"म्हणते, तू जन्मलीस तेव्हा तुला मी माझ्या जुन्या कांग्यात गुंडाळलं. मऊ कापड मिळावं म्हणून तो कांगा मी वर्षभर नेसले. आता तू मोठी डॉक्टर झालीस तर मुलांना पुठ्ठ्यात गुंडाळणार का?"

कांगा म्हणजे तिकडच्या बायका अंगाभोवती गुंडाळतात ते छापील सुती कापड. म्हणजे त्यांच्यातही तेच!

डॉक्टरांनी हार मानली. अट एकच – प्रत्येक कापड उकळायचं, उन्हात वाळवायचं, कडक इस्त्री करायची. मंगला दारातूनच म्हणाली, "हे सांगायला डॉक्टर कशाला हवा?"

बीबीला जाताना डब्यातून सांदणं दिली. दोन तिने तिथेच खाल्ली.

११ डिसेंबर

हमरियातली आमची सगळी बिल्डिंग कामाला लागली आहे. गच्चीवर दोऱ्याच दोऱ्या, खोलीत बायका मावत नाहीत. जुनं सुती कापड कुणाकडे उरलं नाही!

दुपारी जिन्यातून मंगलाचा नवरा रमण ओरडला, "भाभी, ती हिरवी लुंगी परत द्या! ती अजून जिवंत माणसाची आहे!"

मंगलाने कपाळाला हात लावला. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

आणि मला हसू फुटलं. थांबेचना. हे असते तर जिन्यात जाऊन रमणला टाळी दिली असती. नंतर सगळ्याच हसल्या, एकदोघी रडल्याही. हिरवी लुंगी मात्र तोवर कापून झाली होती.

४ जानेवारी

उद्या टीम निघणार. एका गठ्ठ्यात दुपटं कमी पडलं. ह्यांची शेवटची लुंगी मी उशीखाली ठेवली होती. ती तेवढी धुतली नव्हती.

आज धुतली. उकळली. कापली. एका बाजूला दोन लहान टाके जास्त घातले, माझ्यासाठी.

६ जानेवारी

डॉक्टरांच्या घरून सांदणांचा डबा परत आला. रिकामा पाठवायचा नाही हीसुद्धा त्यांच्यात रीत दिसते. आत घडी घातलेला बीबीचा जुना कांगा. पिवळा, रंग उडालेला, लोण्यासारखा. सनाने हळूच उघडला, हात फिरवला, तशीच घडी करून माझ्या कपाटात ठेवला. या खेपेला चहाला उठून गेली नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

परवा इद्दत संपली. मंगलाबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. ऊन किती छान आहे!

घरी आले तर फोनवर फोटो. माडाखाली चटई, चटईवर हसणारी मुलगी – आई असेल, पण मुलगीच – आणि कुशीत निळ्या चौकटीतलं बाळ, मुठी आवळून झोपलेलं. हे नेहमी म्हणायचे, खुदेजा, एकदा समुद्रापलीकडे जाऊन बघू काय आहे. गेले की! मलाच मागे ठेवून, पण गेले.

फोटो सगळ्या बिल्डिंगला दाखवला. रमण म्हणाला, माझी हिरवी कुठाय?

२० जानेवारी

सना कामावरून सरळ इकडेच आली. "अम्मी, जुनं सॉफ्ट कापड काही उरलंय?"

म्हटलं, वेडे, टीम तर कधीच गेली. आता कशाला?

नुसती हसत उभी.

मी कपाटातून कांगा काढला. सुईत दोरा जाईना. शेवटी तिनेच ओवला.