नव्वद मिलिव्होल्ट

प्रिय गुंड्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे सुखरूप आहेत. फोनवर मी ‘बाबा’ हा शब्द काढला की तुझ्या दाराची बेल वाजते नाहीतर दूध उतू जातं, हा गेल्या बारा वर्षांचा अनुभव. म्हणून या वेळी कागद. फाडायचा तर फाडता येईल, पण तू फाडणार नाहीस. लहानपणी माझी पत्रं चोरून वाचलीस तरी तू ती नीट घडी घालून परत ठेवायचास.

तुला माझं काम मी कधी धड सांगितलंच नाही. ‘आमची ताई काचा ओढते,’ असं तू लोकांना सांगतोस, आणि ते खोटं नाही. काचेची नळी तापवून ओढायची, की तिचं टोक इतकं बारीक होतं की ते एकट्या पेशीच्या अंगाला टेकवता येतं. प्रत्येक पेशीभोवती एक पटल असतं. अशी दहा हजार पटलं एकावर एक ठेवली, तर एका केसाची जाडी होईल, एवढं पातळ. आणि त्याच्या आत-बाहेर विजेचा फरक असतो, स्नायूच्या पेशीत नव्वदेक मिलिव्होल्टचा. आकडा ऐकून हसू येतं ना? घड्याळाच्या सेलमध्येही याच्या पंधरापट असतो. पण तो ताण एवढ्याशा जाडीवर पेललेला आहे. हिशेब करून बघितला, तर ढगातून वीज कोसळायला हवेत जेवढा ताण लागतो, त्याहून हा जास्त भरतो. तुझ्या पोटरीत, आत्ता, हे वाचताना.

नोकरी लागली त्या वर्षी प्रयोगशाळेच्या मॅडमनी मला पडद्यासमोर बसवलं. सरळ रेघ चालली होती. अचानक ती एक पायरी खाली उतरली, क्षणभर तिथेच चालली आणि परत वर आली. मॅडम म्हणाल्या, “बघितलंस? पटलातलं एक दार उघडलं आणि मिटलं. एकच.” तेवढ्यात त्यातून पोटॅशियमचे हजारो कण गेले होते. सोडियमचा कण त्यांच्यापेक्षा लहान, पण हे दार त्याला जाऊ देत नाही. आणि शेजारी पंप चालूच असतात. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, पुन्हा तीन, पुन्हा दोन, आपण जन्मायच्या आधीपासून. त्या दिवशी मी डबा उघडायचा विसरले. एकोणीस वर्षं झाली, ती रेघ उतरली की अजूनही मी हातातलं काम टाकून बघत राहते.

आणि इतकं सगळं ठाऊक असूनही आपल्या घरात काय चाललंय, ते मला कळलं नाही, गुंड्या.

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. शनिवारी समोरच्यांनी घर बदललं. बाबा या वयात त्यांची कपाटं उचलायला गेले. नको म्हटलं तर ऐकतील ते बाबा कसले! संध्याकाळी त्यांनीच जेवायला बसवलं, बाबांनी भातावर भात घेतला, वर दोन वाट्या गोड. रविवारी सकाळी सात वाजले तरी खोलीतून आवाज नाही. आत गेले तर डोळे उघडे, छताकडे लागलेले. हात-पाय टाकून दिल्यासारखे. मला म्हणाले, “परत झालंय. दुपारपर्यंत सुटेल. तू तुझं आवर.” इतक्या शांतपणे, जणू नळाला पाणी आलं नाही म्हणून सांगतायत. मी पाय उचलला तर तो ओल्या पोत्यासारखा खाली आला. गुदगुल्या मात्र कळत होत्या.

आई असताना असं झालं की ती दार लोटून घ्यायची आणि आपल्याला बाहेर काढायची, आठवतं? छापखान्यात कागदाचे गठ्ठे उचलणारा माणूस सुट्टीच्या दिवशी अंथरुणातून उठत नाही, यावर लोक काय काय बोलायचे! काका तर तोंडावर म्हणायचे, “सोंग आहे सगळं.” खाडे पडायला लागल्यावर मालकानंही शेवटी तेच म्हणून काढून टाकलं. डॉक्टर यायचे तोवर बाबा चालू लागलेले असायचे. आणि आई बिचारी, शक्ती यावी म्हणून चमच्याचमच्यानं साखरेचं पाणी पाजायची. त्याबद्दल पुढे सांगते. ती गेली तेव्हा तिला हे कळलेलं नव्हतं, आणि तेच बरं झालं, असं मी स्वतःला सांगते.

या वेळी मी थांबले नाही. शेजारच्या दोघांनी खुर्चीसकट बाबांना खाली उतरवलं. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्त काढलं, छातीला तारा लावल्या. रक्तातलं पोटॅशियम नेहमीच्या निम्म्याच्या आसपास आलं होतं. “याआधी असं कधी झालंय?” त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, “चाळीसेक वेळा. मोजायचं सोडून दिलं.”

मग त्यांनी जे सांगितलं, ते माझ्याच कामाच्या भाषेत होतं. भरपूर मेहनत, मग विश्रांती, वर पोटभर भात नाहीतर गोड, की रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ओढलं जातं. तुझं-माझं तेवढ्यानं काही बिघडत नाही, असं मला तेव्हा वाटलं. बाबांच्या स्नायूंच्या पटलात मात्र जन्मापासून एक बारीकशी गळती आहे. पोटॅशियम उतरलं की तिच्यापायी तो नव्वदाचा ताण ढासळतो आणि स्नायूला हलवणारी दारं मिटल्या जागी अडकतात. मेंदू हुकूम देतो, नस तो पोचवते, स्नायूला तो घेता येत नाही. साखरेनं हे आणखी वाढतं. म्हणजे आईचा प्रत्येक चमचा त्यांना आणखी तासभर खिळवून ठेवत होता.

अर्ध्या अर्ध्या तासानं थोडं थोडं खारट, कडू औषध पाजायचं आणि हृदयाच्या रेघेवर नजर ठेवायची, एवढाच उपचार. मी पायाशी बसले होते. अकराच्या सुमाराला डाव्या पायाचा अंगठा हलला. मग टाच. मग गुडघा चादरीखाली तंबूसारखा वर आला. मी आयुष्यभर एकेक दार उघडताना बघितलंय रे, पण त्या सकाळी माझ्या बापाच्या अंगात ती कोट्यवधींनी उघडत होती, आणि मला उभं राहावंसं वाटलं. उठून बसल्यावर बाबांनी बाईंना पहिलं काय विचारलं असेल? “म्हणजे मी खरंच उठू शकत नव्हतो?” त्यांनी तीस वर्षं लोकांचं ऐकून ऐकून स्वतःवरचा विश्वास घालवला होता.

आता ते, जे तुला फोनवर सांगता आलं नसतं. तू तेरा वर्षांचा असताना गच्चीच्या जिन्यावरून पडलास, हात मोडला, आई आणि मी बाजारात. तू ‘बाबा, बाबा’ ओरडत आतल्या खोलीच्या दारापर्यंत सरपटत गेलास. ते पलंगावर होते, डोळे उघडे, आणि आले नाहीत. तुला वाटलं, बघत राहिले. तुझ्या तोंडून हे मी एकदाच ऐकलंय आणि तुला दोष दिलेला नाही. परवा दवाखान्यातून घरी परतल्यावर बाबा मला म्हणाले, “त्या दिवशी मान तेवढी वळवता येत होती. पोरगा दारात पडलेला आणि मी मान वळवून त्याच्याकडे बघितलं, दुसरं काही करता आलं नाही. त्याला वाटलं असेल, बाप नुसता बघतोय.”

हे सगळं तुझं मन वळवायला लिहिलंय, असं वाटेल. तसं असतं तर मी तुला आणखी वर्षभर वेळ दिला असता. पण मंगळवारी बाबांच्या आणि माझ्या तपासणीचा अहवाल आला: दोष जनुकातला आहे, प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी. माझ्यात नाही. मी तुझ्या बायकोला फोन केला, तर ती रडायलाच लागली. तूही कधी कधी सकाळी पलंगाच्या कडेवर मांड्या चोळत बसून राहतोस आणि कुणाला सांगू देत नाहीस, म्हणाली. आणि लेक गेल्या महिन्यात दोनदा, पोहण्याच्या दुसऱ्या दिवशी, अंथरुणातून उठली नाही. तू तिला “नाटकं बंद कर” म्हणालास आणि ओढून उभी केलीस, तर ती खाली कोसळली. गुंड्या, ती नऊ वर्षांची आहे. काय द्यायचं, काय टाळायचं, कुठे न्यायचं, ते मी तुझ्या बायकोला लिहून दिलंय, आणि तुझी नि लेकीची, दोघांचीही तपासणी ठरवलीय. हे ऐकल्यापासून बाबांनी बॅग भरून ठेवलीय. म्हणतात, “पोरीला कुणीतरी सांगायला हवं की यातून माणूस पुन्हा उठतो, आणि ते माझ्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक आहे?” येत्या गुरुवारी अकराच्या गाडीनं मी त्यांना घेऊन येतेय. स्टेशनवर आलास तर जिन्यावर त्यांना हात दे. नाही आलास, तर आम्ही हळूहळू चढू.

तुझीच, वाट बघणारी,
ताई