एका कार्याचे तीन यजमान

टँजियर, मोरोक्को

प्रिय वैजू,

मी ठणठणीत हाय. जरा खोकला व्हता, आता न्हाई. आईचा गुडघा कसा हाय?

हितं फुटबॉलच्या वर्ल्ड कपची तयारी चाललीय. मी मैदानाच्या छताचं वेल्डिंग करतोय. एकाच कार्याला मोरोक्को, स्पेन आन् पोर्तुगाल, असे तीन यजमान! समुद्रापल्याडचा स्पेन हितनं दिसतो बघ.

वास्तुशांतीला मला रजा न्हाई मिळाली. गुरुजी म्हणत्यात, यजमानाबिगर पूजा न्हाई, असं तू लिवलंस. बायको नसली की गडी कमरेला सुपारी खोचून बसतो, ते चालतंय न्हवं? या खेपेला सुपारी तू खोच. घर तूच उभं केलंस, यजमान तूच.

तुझ्या कमरेची सुपारी,
सयाजी