पलीकडच्या काठावरचा पिंड

३ डिसेंबर
पोचलो एकदाचा. कोयनेच्या फुगवट्यातलं हे बेट म्हणजे नुसती चैन. जांभळीवर शेकरू उड्या मारतंय, उंबरावर धनेशाची जोडी मालकासारखी बसली आहे, काठाला करकोचे. फौजेत वीस वर्षं बर्फ नि वाळूच पाहिली, डोळे निवले. धाकट्या जयराजनेच होडीतून आणून सोडलं. म्हणाला, दादा, चार दिवस पाखरं बघा, मी न्यायला येतो, मग उसाच्या रानाची वाटणी करून टाकू. माझा अर्धा हिस्सा मला साक्षीच्या नावावर करायचा आहे. पोरगी शिकते आहे, तिच्या पाठीशी रान हवं. भाऊ शहाणा झाला म्हणायचा.

७ डिसेंबर
होडी आली नाही. मोबाइलला रेंज नाही. दुपारी गावातला गुंडा कोळी जाळं टाकत अगदी जवळून गेला. हाका मारल्या, शर्ट हलवला. त्याने मान वर केली नाही. सोबतच्याला सांगत होता, आप्पासायेब बुडालं रं, मढं गावलं न्हाई, तवा जयराजनं पिठाचा पुतळा करून जाळला.

वा रे भावा. लय घाई केलीस. मी इथे धडधाकट आहे. फक्त परवापासून अंगाची आग होते आहे, आणि दंडावरचे केस जळलेत.

९ डिसेंबर
भूक लागत नाही. पाण्यात वाकून पाहिलं, चेहरा दिसेना. पोहत निघालो, हात मारमारून पुन्हा याच काठाला लागलो. तो तिकडे एकेक विधी करतो, इकडे माझं एकेक जातं.

१४ डिसेंबर
पलीकडे माणसं जमलीत. माझा दहावा. संयोगिताचं कपाळ मोकळं — माझी बायको, बघवत नाही. साक्षी तिला धरून उभी. ओरडलो. फक्त जयराजने वर बघितलं. सरळ माझ्याकडे. आणि हात जोडले.

पिंडाला कावळा शिवेना. सगळे कावळे इकडे, माझ्याभोवती. मी जिवंत आहे हे त्यांना तरी कळतं. शिवला की संपलो.

जयराज पिंडाला विनवतोय. पाण्यावरून शब्द न शब्द येतो. देवळाला कळस चढवतो म्हणाला. कावळे हलेनात. वहिनीला अंतर देणार नाही म्हणाला. हलेनात.

आता म्हणतोय, अर्धं रान साक्षीच्या नावावर करतो —

ऐकून क्षणभर जीव निवला. मूर्ख मी. तेवढ्यात कावळ्यांनी पंख उघडले —

खोटं आहे ते. याच रानापायी त्याने मला — संयोगिता, ऐकू नकोस त्याचं — एक उडाला — थांब रे, माझं मन अजून