भट्टी ताईच्या नावावर

पुरे झालं, काका. परवा फोनवर तुम्ही पुन्हा तेच काढलंत. "भट्टी गंजतेय, ऐरणीला गिऱ्हाईक आलंय, तू फक्त हो म्हण." मी हो म्हणणार नाही. बाबा गेल्यावर घर आणि मागची भट्टी माझ्या नावावर झाली, म्हणून सगळे मला विचारतात. भट्टीत रोज उभी राहते ती ताई, आणि तिला कोणी विचारत नाही. म्हणून हा कागद.

मी, ताईचा धाकटा भाऊ, शिक्षण चौथी, धंदा वेल्डिंग, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी मानगूट धरलेली नसताना, माझ्यामागे काय कोणाला जावं ते लिहून ठेवतो. आजारी नाही. पुढच्या महिन्यात कारखान्याच्या धुराड्यावर काम आहे, आणि मुकादम म्हणतो, चढण्याआधी ज्याने त्याने आपलं लिहून ठेवावं.

१. राहतं घर आईच्या हयातीत आईचं, नंतर ताईचं. बँकेतली शिल्लक आईला.

२. भट्टी, भाता, ऐरण, पकडी, कानशी, सगळं ताईला. कारणही लिहितो, म्हणजे पोराला कोणी भुलवलं असं म्हणायला नको. बाबा कुलूप करताना आधी किल्ली घडवायचे. ती गळ्यात अडकवून तिच्या मापाने आतला खटका, स्प्रिंग, कडी बसवायचे. शेवटचा रिव्हेट ठोकण्याआधी कुलूप बंद करून ताईपुढे टाकायचे. "उघड." तिच्या हातात नुसती वाकडी तार. तिने उघडलं की कुलूप खोलून पुन्हा पहिल्यापासून.

"अगं, एखादं तरी सोड, विकायची आहेत ती," आई ओरडायची.

"चोर सोडेल का?" ताई मान वर न करता विचारायची.

असं करता करता कुलपाचं पोट तिला पाठ झालं. बाबांचा हात कापायला लागला तेव्हापासूनचं प्रत्येक कुलूप तिचं आहे. ठसा बाबांचा, हात तिचा.

तुमच्या दुकानाचंसुद्धा, काका. तुम्ही किल्ली हरवलीत. विकलेल्या किल्लीचं माप ठेवायचं नाही हा बाबांचा नियम, त्यामुळे ताई तार घेऊन दुपारभर शटरपुढे बसली. उघडेना. तुम्ही चारचौघांत म्हणालात, "शेवटी माझ्या भावाचा हात! पोरीच्या आवाक्यातलं आहे का ते?" ताई नुसती हसली. शेवटी कोयंडा कापावा लागला. आता घ्या ऐकून, ते कुलूप तिनेच केलं होतं.

३. मी केलेलं एकमेव कुलूप काकांना. मला दम कुठला? आधी कुलूप केलं, मग किल्ली शोधत बसलो. त्याला कुठलीही किल्ली लागते, चमच्याची दांडीही चालते. त्याच्यासोबत काकांचा कोट. मी घर सोडलं तेव्हा तुम्ही तो अंगावरून काढून माझ्या खांद्यावर टाकलात आणि म्हणालात, "जा, पण गारठून मरू नकोस, गाढवा." इथली पहिली थंडी त्या कोटाने काढली. भांडण भट्टीपुरतं आहे, काका. तो कोट विसरलेलो नाही.

४. वेल्डिंगचा मुखवटा शेजारच्या पलंगावरच्या ढापण्याला. त्याच्या चष्म्यावर तो बसत नाही, पण डोळा आहे त्याचा त्याच्यावर.

ताई, माझं मनगट मागून धरून तू म्हणायचीस, "आगीकडे बघू नकोस, लोखंडाकडे बघ." उंचावरही आज माझा वेल्डिंगचा टाका सरळ पडतो, मुकादम चार लोकांना दाखवतो, ते तुझ्यामुळे. तुझे आभार कधी मानले नाहीत. तोंडावर जमलंही नसतं.

इथवर लिहून कागद ढापण्याला सहीसाठी दिला. त्याने वाचला आणि चष्मा वर केला.

"भट्टी तिला कधी मिळणार? तू मेल्यावर?"

"मग? मृत्युपत्र आहे हे."

"आणि तू मेलास ऐंशीव्या वर्षी, तर? तोवर तिने काय तुझ्या मरणाची वाट बघायची? आणि काका काय झोपा काढणार?"

बोलला ते खरं. म्हणून कलम दोन रद्द, बाकी कायम. भट्टी माझ्यामागे नाही, आत्ताच ताईची. ताई, बक्षीसपत्राचे कागद तयार करून घे. धुराड्यावर चढण्याआधी रजा काढून सहीला येतो. काका, साक्षीदार म्हणून तुम्ही उभे राहा. मला तुम्हीच हवे आहात.

साक्षीदार: मुकादम (वाचून सही केली). ढापण्या (वाद घालून सही केली).
सही: ताईचा भाऊ.
ठिकाण: कामगारांची खोली, खिडकीखालचं टेबल.
तारीख: पगाराच्या दुसऱ्या दिवशी, सुट्टीची सकाळ.

बक्षीसपत्राच्या खर्चासाठी आज ताईच्या नावे पाठवले: अठरा हजार पाचशे.