टाचा टेकणारी गाडी

प्रिय आस्फ्या,

नाशिकरोड स्टेशनच्या पार्सल ऑफिसबाहेर बसून लिहितोय. आत एक माणूस माझ्या मोटारसायकलला पोत्यात शिवतोय. हो, घेतली! पेट्रोल काढून टाकलं, आरसे सोडवून माझ्या पिशवीत दिले, आता टाकीला पेंढा बांधणं चाललंय. ट्रेनला वेळ आहे.

कोणती घेतली ते तुला सांगितल्याशिवाय मला चंद्रपूरला जाववत नाही. या सगळ्यात तुझी गाडी आहे, तुझे अब्बा आहेत आणि तू पण आहेस. दुसऱ्या कुणाला सांगू? आठवी नापास माणसाचं पत्र आहे, चुका काढू नको. तू तरी कुठं मोठा शिकलेला होतास?

तुला माझं नवं काम माहीत नाही. तू गेल्यावर मी तिकडे गेलो. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या बदलायच्या, जनरेटरला डिझेल घालायचं. आत्तापर्यंत दुसऱ्याच्या मागे बसून हेल्पर म्हणून फिरत होतो. आता ठेकेदार म्हणतो, स्वतःची गाडी आण, एक लाइन तुझ्या एकट्याच्या नावावर देतो. जंगलातले टॉवर, एक इकडे तर एक तिकडे. नाही आणलीस तर लाइन दुसऱ्याला. तू मला ओळखतोस. तीन कामं सोडली मी, कुठं बूड टेकत नाही. हे पहिलं काम आहे जे सोडावंसं वाटत नाही. म्हणून सुट्टी टाकून गावी आलो. लायसन नवंकोरं, गाडी चालवली ती फक्त ठेकेदाराची, तीही मैदानात गोल गोल.

शोरूममध्ये गेलो. पोरीनं थंड सरबत दिलं, किंमत सांगितली, विमा सांगितला, हप्ता सांगितला. मी सरबत पिऊन बाहेर. मग जुन्या गाड्यांच्या गल्लीत गेलो. तिथं प्रत्येक गाडी डॉक्टरची, प्रत्येक गाडी फक्त रविवारी चालवलेली! नाशकात एवढे डॉक्टर कुठून आले रे? एका गाडीचा मीटर इतका कमी होता की ती आपल्या गावाहून नाशिकला दोनदा पण गेली नसावी, आणि ब्रेकच्या पायपट्टीचं रबर मात्र झिजून गुळगुळीत.

गावातली पोरं वेगळंच सांगत होती. शंभर सीसी म्हणजे दूधवाल्याची गाडी, गण्या, लग्न जमायचं नाही. मायलेज, पिकअप, रिसेल, ज्याला विचारावं तो मास्तर. मी चार दिवस फिरलो आणि चार दिवस माझ्या डोक्यात एकच गाडी होती.

तुझी.

ती अजून तिथंच आहे. अब्बांच्या वर्कशॉपमध्ये, फवारणीच्या जुन्या ब्लोअरच्या मागे, ताडपत्रीखाली. काळी-निळी, दोनशे सीसी. किती जीव होता माझा तिच्यावर! आणि तू? एकदा तरी दिलीस का चालवायला? मागे बसवून वणीपर्यंत न्यायचास, पण चावी मागितली की म्हणायचास, आधी सायकल शीक. याचा राग मी अजून सोडलेला नाही.

तुला ठाऊक आहे आपल्याकडची रीत. ज्या गाडीवर माणूस गेला ती गाडी आपल्या बाजूचं कुणी घेत नाही, फुकट दिली तरी नाही. मग ती लांब विकतात. धुळ्याकडचा दलाल येतो, डेंट काढतो, रंग मारतो, चार जिल्हे ओलांडून कुणाच्या तरी पोराच्या हातात देतो. त्या पोराला काही माहीत नसतं. सगळे असंच करतात. तुझ्या अब्बांकडे पण दोन दलाल येऊन गेले. रफिकचाचांनी दोघांना परत पाठवलं. जो कोणी गाडी बघायला येई त्याला चाचा पहिलं वाक्य हेच सांगत, की या गाडीवर माझा पोरगा गेला. माणूस हात जोडायचा आणि निघून जायचा.

म्हणजे ती गाडी घेणारा जगात एकच उरला होता. ज्याला सगळं माहीत आहे आणि तरी पाहिजे. मी!

आईला सांगितलं तर तिनं भाकरी थापायची थांबवली. म्हणाली, "रफिकभाईनं दिली तर नाही म्हणू नको. आणि ती गाडी माझ्या दारात आणू नको." आता सांग, या दोन्ही गोष्टी एका माणसानं कशा करायच्या?

मी चाचांकडे गेलो. म्हटलं, आस्फ्याची गाडी मला द्या, जमेल तसे पैसे देत जाईन. चाचांनी हातातला पाना खाली ठेवला नाही. चाची आतून आल्या होत्या, त्या ऐकून परत आत गेल्या. मला वाटलं, चुकलो. जायला वळलो तर चाचा म्हणाले, जुम्म्याला ये, नमाज झाल्यावर.

ते दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मिळाली तर? नाही मिळाली तर?

शुक्रवारी गेलो. ताडपत्री काढलेली. गाडी धुतलेली, बॅटरी चार्ज केलेली, चेनला तेल. इतके महिने उभी होती आणि पहिल्या सेल्फला चालू झाली रे! तो आवाज ऐकल्याबरोबर शेजारचा टेलर दुकानाबाहेर आला आणि माझ्याकडे बघून परत आत गेला. चाचांनी इंजिन बंद केलं. चावी काढून खिशात ठेवली आणि म्हणाले, बस.

मी बसलो. हँडल हातात आलं आणि खरं सांगतो, तुझी आठवण आली नाही. फक्त आनंद झाला. माफ कर.

चाचा माझ्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते. खाली वाकून माझ्या पायांकडे बघत होते. माझे फक्त चवडे टेकत होते, टाचा वर. मला त्यात काही वाटलं नाही. तू पण तसाच बसायचास, ऐटीत.

मग त्यांनी मला गाडीवर बसलेलाच ठेवून ढकलत वर्कशॉपच्या तोंडाशी नेलं. तिथं डांबर संपतं आणि साईडपट्टी खाली उतरते, माहीत आहे तुला. गाडी अगदी कडेला घेतली. स्वतः उजव्या बाजूला उभे राहून मागची दांडी दोन्ही हातांनी धरली. म्हणाले, "समोरून ट्रॅक्टर आला. तू थांबलास. टेक डावा पाय."

मी पाय टाकला. खाली काही नव्हतं! वीतभर हवाच. गाडी डावीकडे कलली आणि तिचं सगळं वजन माझ्या एका मांडीवर आलं. मी ओरडलो असेन. चाचांनी दांडी सोडली नाही, त्यांच्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या. आम्ही दोघांनी मिळून ती कशीबशी सरळ केली.

"उतर," चाचा म्हणाले.

मी उतरलो नाही. मला ती पाहिजे होती, आस्फ्या. मी म्हटलं, "चाचा, मी हळू चालवीन. आईची शपथ, हळूच चालवीन."

"तो पण हळूच होता."

मग त्यांनी जे सांगितलं ते तुला सांगायची काय गरज? तुझ्यावरच तर बेतलं. पण मला ते माहीत नव्हतं, गावात कुणालाच नव्हतं. सगळं गाव म्हणतं, पोरगं सुसाट होतं, कॅनॉलच्या मोरीवर आवरलं नाही. मी पण तेच मानत होतो. चाचांनी मला गाडीभोवती फिरवून दाखवलं. कुठं घासल्याची खूण नाही. फक्त डावीकडची क्लचची लिव्हर वाकलेली आणि डावा पायठेवा. वेगात पडलेली गाडी अशी दिसत नाही, हे मला पण कळतं.

द्राक्षांच्या कॅरेटचा ट्रॅक्टर समोरून येत होता. मोरी अरुंद, कठडा नाही. तू शहाण्यासारखी बाजूला घेतलीस आणि थांबलास. थांबून पाय टाकलास. ट्रॅक्टरवाला पोलिसांना हेच सांगत होता, पण त्याचं कोण ऐकतो? गाडी मोरीच्या दगडाला अडकून वर राहिली आणि तू खाली कोरड्या कॅनॉलमध्ये.

मी चाचांना विचारलं, मग लोकांना का सांगितलं नाही? इतके दिवस लोक आस्फ्याला नावं ठेवतात.

त्यांनी खिशातली चावी काढून बोटात फिरवली. मग म्हणाले, "शोरूममधून आणली त्या दिवशीच मी पाहिलं होतं, त्याच्या टाचा टेकत नाहीत. बोललो नाही. इतका खूश होता बेटा. म्हटलं, सवय होईल."

मी उतरलो. ताडपत्री आम्ही दोघांनी मिळून घातली. ती घालताना ते म्हणाले, मला खरंच वाटलं होतं, तुझे पाय टेकतील. त्याच्यापेक्षा उंच वाटायचास मला.

त्यांना पण ती गाडी जायला हवी होती रे. माहितीतल्या माणसाकडे. तेवढा एकच माणूस होता आणि त्याचे पण पाय पुरले नाहीत.

काल सकाळी चाचाच घरी आले. चल, म्हणाले, नाशिकला. एसटीनं गेलो. त्याच गल्लीत, पण या खेपेला मीटर नाही, रंग नाही. प्रत्येक गाडीवर आधी मला बसवायचे आणि खाली वाकायचे. दुकानदार हसून म्हणाला, चाचा, गाडी घ्यायला आलात का पोराला चप्पल घ्यायला? चाचा म्हणाले, चप्पल चुकली तर पाय दुखतो फक्त. इंजिन त्यांनी शेवटी ऐकलं, ज्या गाडीवर माझ्या दोन्ही टाचा पूर्ण टेकल्या तिचंच. ती पण ढकलत गटाराच्या कडेला नेली, उतारावर उभी केली, आणि या वेळी त्यांनी दांडी धरली नाही. हात पाठीमागे बांधून उभे राहिले. माझा पाय टेकला.

शंभर सीसी, लाल पट्ट्याची. दूधवाल्याची म्हण पाहिजे तर. परवडली. उरलेल्या पैशात चाचांनी हेल्मेट घ्यायला लावलं, आणि त्यात मात्र घासाघीस करू दिली नाही.

परत यायचं होतं. मी म्हटलं, तुम्ही एसटीनं या, मी पहिल्यांदाच रस्त्यावर चालवतोय. तू गेल्यापासून ते कुणाच्या दुचाकीवर बसलेले नाहीत, मला चाचींनी सांगितलं होतं. तरी ते मागे बसले. एक हात माझ्या खांद्यावर. गतिरोधक आला की तो हात आवळायचा. ट्रक मागून आला की आवळायचा. दिंडोरी मागे पडली तशी माझ्या खांद्याला कळ लागली, पण मी सांगितलं नाही.

मोरी आली तेव्हा म्हणाले, थांबव.

मागे माणूस, कडेला खड्डा, खाली कॅनॉल. मी हळूच बाजूला घेतली, ब्रेक दाबला, डावा पाय टाकला. जमीन होती. टाच टेकली, गच्च. गाडी हलली नाही. चाचा मागे बसून राहिले, मी तसाच पाय रोवून. किती वेळ, ते मी मोजलं नाही. दोन ट्रॅक्टर आमच्या जवळून गेले. मग खांद्यावरचा हात सैल झाला आणि ते म्हणाले, चल.

घरापाशी उतरल्यावर मी विचारलं, आता लोकांना सांगू का? त्यांनी मान हलवली, हो म्हणून. आणि म्हणाले, माझं पण सांग.

पार्सलवाला हाक मारतोय, सही पाहिजे. ऐक आता. मी तुला शब्द देतो, जी माझ्या पायांनी सावरत नाही अशी कुठलीच गाडी मी आयुष्यात घेणार नाही, कितीही जीव जडला तिच्यावर तरी. आणि ज्याच्या तोंडून ऐकीन की आस्फ्या सुसाट होता म्हणून गेला, त्याला त्या मोरीवर नेईन, कडेला उभा करीन, आणि तू किती हळू होतास ते सगळं सांगीन.

तुझा,
गण्या