पोळ्याची माती अन काळी गाडी

९ सप्टें.

भाऊजीच्या गाडीवर माती घासाले मीनंच सांगतलं. ताईच्या डोक्यातली गोष्ट नाही ते. पहिलेच लिहून टाकतो, नाहीतर पुढं मीच फिरवून लिहीन.

झालं असं. नेरहून ताईचा फोन आलता. भाऊजी मार्केटात गेलते. म्हने, "सोन्या, गाडीवर हात फिरवला तं खरखर लागते रे. शाम्पूनं धुतली तरी जात नाही. तू वॉशिंगवर काम करतं, सांग ना काही. यायले सरप्राइज द्याचं हाय."

सरळ सांगाचं होतं, का याले क्ले लागते, रंगात रुतलेला मळ त्यानं निंगते. तेवढं सांगतलं असतं तं तोंड झिजलं असतं का माहं? पन नाही. मी म्हनलो, "माती लाव. मोठ्या मोठ्या शोरूममंदी मातीनंच घासते. क्ले म्हंजे मातीच ना."

"कोनती माती?"

"पोळ्याचे बैल केलते ना, ती उरली असन. भिजव अन घास. गोल गोल."

मले वाटलं हासन अन शिव्या देईन. तिनं "बरं" म्हनून ठेवला फोन. मी अन संद्या (संद्या माह्यासंगंच वॉशिंगवर हाय) पोट धरून हासलो.

संध्याकाळी तिचाच फोन, घासली म्हने. पूर्ण गाडी. गोल गोल.

१० सप्टें.

ताईनं फोटो पाठोला. काळी गाडी, उन्हात उभी. बोनटवर, दरवाज्यावर सगळी जाळी जाळी. कोंबडीनं उकिरडा उकरल्यावानी. त्या मातीत रेती असते बारीक, ते का मले माहीत नव्हतं? खाली लिहिलं होतं, "उन्हात असं काहून दिसून राह्यलं?"

पाह्यलं अन मोबाइल उलटा ठेवला.

आज ढोरं नेनारा ट्रक धुतला. फाळक्याच्या फटीतून शेन, मूत, अजून काय काय. शेनाचा शिपका तोंडात गेला. दिवसभर थुकून राह्यलो. वास जात नाही.

१३ सप्टें.

ताई आली. एकटी, यष्टीनं, एक बॅग घेऊन.

आई म्हने, "काय झालं वो?" ताई म्हने, "काही नाही, आलो सहज." सहज येनारी बाई एवढी मोठी बॅग आनते का? आईले समजलं, पन ती चहा मांडाले गेली. मी तं तोंड लपवून मोरीत गेलो, हात धूत बसलो कोरडेच.

मंग ताई लसन सोलत बसली होती तथी गेलो. तिनं मान खालीच ठेवून सांगतलं. भाऊजी सासूसासऱ्यासमोर म्हनले, "मातीतली पोट्टी, मातीच लावन." तवापासून बोलतच नाही. पानी मांगाचं तं आपल्या आईले मांगते. गाडीची चाबी उशाखाली ठेवते. "कोनी सांगतलं तुले हे," असं इचारलं तं ही म्हने, "माह्याच मनानं केलं."

म्हनलो, "माहं नाव काहून नाही घेतलं?"

"तुहं नाव घेतलं असतं तं ते ह्या घरचं पानी पेले नसते कधी. मंग मी कुठी येऊ?"

मी लसनाची टरफलं गोळा कराले लागलो.

"तुले माहीत होतं ना," ती म्हने.

"मजाक केलती."

"हं."

अन सोलत राह्यली. शिवी देल्ली असती तं बरं वाटलं असतं. जेवन नाही गेलं. स्वतःच्याच तोंडाची शिसारी येते, आरशात पाहून दात नाही घासले.

१४ सप्टें.

राजूदाले सांगतलं. राजूदा म्हंजे आमच्या वॉशिंगचा मालक. हायवेवर त्याच्याएवढ्या गाड्या पांढरकवड्यात कोनी नसन धुतल्या. सगळं नाही सांगतलं. म्हनलो, ताईनं चुकून माती घासली. त्यानं माह्याकडं पाह्यलं, तंबाखू दुसऱ्या गालात सरकोला. म्हने, "ताईनं. चुकून. बरं, आन गाडी."

भाऊजीले फोन केला. "इकडं घेऊन या, इलाज हाय."

"तुह्या ताईनं मारून टाकली गाडी, सालेसाहेब."

"आना तं."

ताईचं इचारलंच नाही त्यायनं, बरी हाय का, कशी हाय. गाडीचंच. टायरपासून टपापर्यंत सगळं सांगतलं, बायकोचा एक शब्द नाही. मले किळस आली त्या मानसाची. मंग आठवलं, हे कोनामुळं.

१७ सप्टें.

गाडी आली. शी.

फोटोत फक्त चरे दिसत होते. हातानं पाह्यली तवा समजलं ताईनं काहून फोन केलता. राजूदानं हातात प्लास्टिकची पन्नी घालून बोनटवर फिरवाले लावली. पन्नीतून जास्त समजते. असं लागे जसं सरड्याच्या पाठीवरून हात फिरोला. खालच्या पट्टीले डांबर. समोर मेलेले किडे, पाय पंख सगट चिपकलेले. टपावर झाडाचा चीक, त्याच्यात वटवाघळाची हगवन वाळलेली. हेच्यात बसून हा मानूस ताईले मातीतली म्हनते.

धुतली, मंग फवारा मारला, लोखंड काढाचा. त्याचा वास म्हंजे सडेल अंडे कोनी नाकात फोडले. संद्या लांब पळाला. थोड्या टाइमानं गाडीवरून जांभळे वघळ निंगाले, सगळीकडून.

भाऊजी खुर्चीतून उठले. "अबे हे काय? रक्त?"

दुसरा टाइम असता तं मी म्हनलो असतो, हाव, मेली गाडी, नातेवाइकाले बलवा. संद्या वाटच पाहून राह्यला होता. पन म्हनलो, "लोखंड हाय भाऊजी. तुमच्या घराबाजूले ग्रिलवाला हाय ना, त्याच्या ग्राइंडरचा भुगा. उडते, रंगात रुतते, जंगते. त्याचंच खरखर लागे."

मंग क्ले मिट. पंजासारखी असते, एका बाजूनं रबर. क्लेचा गोळाही मिळते, पन तो खाली पडला तं फेकाचा, हे धुवून परत घेता येते. पहिले काचेवर घासून नरम केली. मंग साबनाचं पानी भरपूर, हात हलका, सरळ सरळ. गोल नाही. पहिले अडते, कुरकुर करते, मंग एकदम घसरते, आवाज बंद होते. तवा समजाचं साफ झालं.

दर दोन हातानं मिट धुतली. काळं, तपकिरी, चिकट. एवढी घान अन मानूस त्याच्यावर फडकं मारून म्हनते गाडी चमकते.

पन्नी फिरोली. काच झालती. पन उन्हात घेतली तं चरे जसेच्या तसे. मळ गेला तं उलट जास्तच उठून दिसले.

राजूदा हळूच म्हने, "मिट मळ काढते, चरे नाही काढत."

"मशीन मारू ना मंग."

त्यानं दरवाज्याच्या कडेले बोट लावलं. "ही दुबार रंगवेल गाडी हाय. रंग पापडावानी. मशीन मारली तं खालचं दिसन."

मंग चरे बुजवाचं मलम लावलं, ग्लेझ म्हनते. चऱ्यात बसते, झाकते. टिनाच्या सावलीत गाडी अशी दिसली का भाऊजीनं मोबाइल काढून फोटोच घेतले. "आरसा केला सालेसाहेब."

अन माह्या तोंडातून निंगालं, "मातीनं वरचा थर ढिला झालता, म्हनून लवकर निंगालं." काहून बोललो मालूम नाही. ताईसाठी बोललो असन. का सवय.

संध्याकाळी घरी जेवाले बसले. सगळ्यायसमोर भाऊजी म्हनले, "अर्धं काम तं हिच्या मातीनंच केलतं म्हने." अन हासले. "चाल उद्या घरी." झालं. सॉरी नाही, काही नाही. भात मांगतला.

ताईनं वाढला. माह्याकडं पाह्यलं एकदा. मंग उठून बॅग भराले गेली. आईनं पापड तळले अजून.

२० सप्टें.

राजूदाले इचारलं, ते मलम किती दिवस. म्हने, चार सहा धुन्यात निंगून जाईन. मंग जाळी परत.

भाऊजीले फोन. "तिकडं कोनाजवळ धुऊ नका. अठीच आनत जा, मी करून देईन."

"एवढ्या दूर?"

"घरचीच गाडी हाय ना."

"लय जीव लावतं गड्या." मंग म्हने, "अरे, त्या ग्रिलवाल्याले सांगतलं मी मातीचं. त्यानं नवीन गाडी घेतली. उद्या घासतो म्हने."

माह्या हातातून पाइप सुटला. बुटात पानी गेलं.

"भाऊजी, ती माती फक्त काळ्या गाडीले चालते."

"त्याची पांढरी हाय."

"मंग बिलकुल नाही. पिवळी पडन."

"असं का? बरं झालं सांगतलं."

एक झाकाले दुसरं, दुसरं झाकाले तिसरं. तोंडात अजून शेन हाय असं वाटते.

२७ सप्टें.

आले आज दोघं. गाडी पार चिखलात. म्हने पांदन रस्त्यानं वावरात गेलते. धुतली. बोनटवर ऊन पडलं अन एका कोपऱ्यात ते गोल गोल दिसले, ओंजळीएवढे. पटकन पुढं उभा राह्यलो. मलमाची डबी काढली.

भाऊजी चहा घेऊन मांग आले. "काय पाहून राह्यला?"

"किड्याचं हाय थोडं."

"काढ काढ." अन संद्याले गाडीची किंमत सांगाले गेले.

ताई समोरच्या सीटवर बसून होती. काच खाली केली. मले वाटलं आता बोलते काही. तिनं बोनटकडं पाह्यलं, मंग माह्या हाताकडं.

"सरळ घास," ती म्हने. "गोल गोल नको."

अन हासली. खरी हासली का कशी, मले नाही समजलं. काच वर केली.

ही गाडी विकेपर्यंत मलेच धुवा लागन. उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात, आंगानं झाकत. अन हा मानूस गाडी विकनारा नाही, दिसतेच हाय.

हे कोनाच्या हाती लागलं असन तं बाप्पा, हात जोडतो, कोनाले सांगजो नको. संद्याले सांगतलं तं चालते, त्याले माहीतच हाय. राजूदानं ओळखलंच असन. पन नेरले कोनी ओळखीचं असन तं तथी तं एक शब्द नको. भाऊजी आता ताईलेच पानी मांगते. चाबी परत खुंटीवर हाय.