वाचलेल्या ट्रिपा

आप्पा, आज लॅबमध्ये माझं डोकं फिरलं. इथे कतारमध्ये अल रुवैसकडे उंटांच्या फार्मवर जाणारा एक कच्चा रस्ता पक्का करायचाय. तिथली माती पिठासारखी, ओली झाली की चिखल, वाळली की भेगा. म्हणून तिच्यात जवळच्याच टेकाडाची वाळू मिसळली, बेताचं पाणी घातलं, साच्यात ठोकून भिजत ठेवली आणि आज मशिनखाली दाबून पाहिली. चांगली टिकली. रस्त्याच्या खालच्या थराला एवढं पुष्कळ झालं. साहेब खूश. म्हणाले, "देखो भाई, कितना ट्रिप बच गया. बंदर से पत्थर लाना खलास." सगळे हसले. मी हात धुवायच्या निमित्ताने बाहेर गेलो.

कारण त्या ट्रिपा तुम्ही मारल्यात, याच भागात, असल्याच रस्त्यांसाठी. इथली माती डंपरमध्ये भरून लांब फेकून यायचं आणि बंदरावर बोटीने आलेला काळा दगड आणून ओतायचा, यात तुमची उमेदीची वर्षं गेली. दोन वर्षांनी एकदा घरी यायचात. परत निघताना मी तुमच्या बॅगेवर बसून राहायचो, आई भाकरी थापता थापता तोंड फिरवायची, आणि तुम्ही मला दटावायचात, "आरं, म्या न्हाय गेलो तर तितला रस्ता कोण करनार?" अहो, रस्ता करणारी माती तुमच्याच चाकाखाली होती, आणि वाळूला तर तिथे तोटाच नव्हता. दोन्ही एका घमेल्यात कालवून बघायची बुद्धी कुणा शहाण्याला झाली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तो वळसा त्यांनी तुम्हाला घालायला लावला. मी काही नवीन शोधलेलं नाही, हे तेव्हाही जमलं असतं. कुणाच्या तरी आळसापायी माझ्या लहानपणी घरात बाप नव्हता, याचा मला भयंकर राग येतो. माझ्यासोबत खोलीत राहणाऱ्यांना सांगितलं तर म्हणतील, पगार मिळत होता ना, मग झालं.

शेवटच्या आजारपणातसुद्धा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही सांगायचात की कतारचे रस्ते तुमच्या दगडावर उभे आहेत. दम लागायचा, तरी सांगायचात. तुम्ही नाही आहात, म्हणून तर हे लिहायला धजलो. आज फोनवर तुम्ही विचारलं असतंत, दिवसभर काय केलंस, तर मी म्हणालो असतो, दगड मागवलाय, आप्पा. इथली माती काही कामाची नाही.